गोरिला झोपल्यावर: चार शुक्रवार, चार व्याख्यानं

आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण जाहिरातीत ती कुठेच नव्हती. गोरिलांवरच्या या संध्याकाळच्या व्याख्यानांना गेलात तर गोरिला दिसत नाहीत. फलकावर भलंमोठं काळंभोर तोंड, खाली 'गोरिलांच्या सहवासात' वगैरे शब्द, आणि आपण सात वाजता पोचतो तेव्हा सहवास देणारी मंडळी आतल्या खोल्यांत पेंढ्यावर आडवी झालेली असतात. दिवे मालवलेले, दार बंद. पहिल्या शुक्रवारी माझ्या पुढच्या रांगेतलं एक लहान मूल हे कळल्यावर जे रडलं, ते प्रोजेक्टर सुरू होईपर्यंत थांबलं नाही. आणि प्रोजेक्टर सुरू व्हायला पंचवीस मिनिटं लागली.

प्राणिसंग्रहालयाचं नाव लिहीत नाही. पुढे काही तक्रारी आहेत, आणि चार लोकांच्या मेहनतीवर माझ्या एका परीक्षणानं शिक्का बसावा असं वाटत नाही.

मी कार्डिऑलॉजी विभागात टू-डी इको करते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून माणसांची हृदयं बघायची, हे काम. संध्याकाळी आणखी एका अंधाऱ्या खोलीत जाऊन बसण्याची हौस मला नव्हती. पण बाबांना टीव्हीसमोरून उठवायचं होतं. त्यांचं वय शहात्तर, कानाला यंत्र, आणि 'माकडांवर काय दोन तास बोलणार?' हा पवित्रा. 'बाबा, गोरिला माकड नाही, त्याला शेपूट नसते,' एवढं मला शाळेपासून ठाऊक होतं. त्यापलीकडे काही नाही.

पहिलं व्याख्यान कीपर बाईंचं, म्हणजे गोरिलांची देखभाल करणाऱ्या बाईंचं होतं. प्रोजेक्टर चालेना, तेव्हा त्या तशाच उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. चारही शुक्रवारांतली सगळ्यात सरस पंचवीस मिनिटं तीच. 'आत्ता ते झोपलेत म्हणून तुम्ही नाराज आहात ना? मग झोपेबद्दलच बोलू,' इथून सुरुवात. जंगलात गोरिला रोज संध्याकाळी नवं अंथरूण घालतो. फांद्या, पानं, वेली ओढायच्या, वाकवायच्या, अंगाखाली दाबायच्या, की झालं. पिल्लू आईच्याच अंथरुणात. सकाळी उठून चालू लागायचं आणि रात्री दुसरीकडे पुन्हा नवं. माझ्या मते पुढचा मुद्दा सगळ्या मालिकेतला सगळ्यात सुंदर होता: जंगलात गोरिला मोजणारे लोकही बहुतेकदा गोरिला बघत नाहीत. ते ही रिकामी अंथरुणं मोजतात. अंथरुणातली विष्ठा गोळा करतात आणि तिच्यातल्या डीएनएवरून कोण कोण इथे झोपलं होतं ते ठरवतात. म्हणजे गोरिला न दिसणं ही फक्त आमचीच अडचण नव्हती. बाई हसून म्हणाल्या, 'आज तुम्ही शास्त्रज्ञांच्या रांगेत बसलात.' रडणारं मूल मात्र पटल्यासारखं दिसलं नाही.

मग त्यांनी कागद वाटले. कागदावर नाकं. नाकपुड्यांच्या वरच्या सुरकुत्या प्रत्येक गोरिलाच्या वेगळ्या असतात, आणि जंगलात माग काढणारे लोक त्या सुरकुत्यांची चित्रं काढून कोण कोणता ते ओळखतात. आमच्या हातात सहा फोटो आणि सहा रेखाचित्रं, जोड्या लावायच्या. मला सहापैकी दोन जमल्या. बाबांना पाच. ते बँकेत सह्या तपासायचे, त्यामुळे मला फारसं आश्चर्य वाटलं नाही, पण त्यांना स्वतःला वाटलं.

छाती बडवण्याबद्दलही तेव्हाच कळलं. आपण नक्कल करतो ती मुठी वळून. गोरिला मुठी वळत नाही, तळवे ओंजळीसारखे खोलगट करून मारतो. म्हणून तो आवाज धपाधप न येता टप-टप-टप असा पोकळ येतो आणि दूरवर जातो. रवांडातल्या पर्वतीय गोरिलांवरचा 2021 सालचा अभ्यास त्यांनी सांगितला: नर जितका आडव्या बांध्याचा, तितका त्याच्या छातीचा आवाज खालच्या पट्टीतला. म्हणजे समोर न येताही कळतं की तिकडे केवढा गडी आहे, आणि भांडण बऱ्याचदा आवाजावरच मिटतं. सगळ्यांना करून बघायला लावलं. बाबांनी ओंजळ छातीवर मारली आणि त्यांच्या कानातलं यंत्र शिटी वाजवायला लागलं. त्या शिटीनं ते रडणारं मूल पहिल्यांदा हसलं.

अखेर प्रोजेक्टर चालू झाला आणि व्याख्यान साधारण झालं. गोरिलांच्या दोन जाती, चार उपजाती, नकाशा, रंगीत बाण. हे घरी वाचता येतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत जे गोरिला असतात ते जवळजवळ सगळे पश्चिमेकडच्या सखल जंगलातले. धुक्यातल्या ज्वालामुखींवरचे, लांब केसांचे, टीव्हीवर दिसणारे पर्वतीय गोरिला कुठल्याही प्राणिसंग्रहालयात नाहीत. ज्यांच्यासाठी लोक येतात ते वेगळे आणि इथे असतात ते वेगळे.

दुसरा शुक्रवार माझा होता. विषय 'गोरिलाचं आरोग्य' एवढाच छापलेला. पशुवैद्य आले, आणि दुसऱ्याच स्लाइडवर माझ्या ओळखीचं चित्र झळकलं: करड्या पंख्याच्या आकारात चार कप्पे, मधे झडपा उघडतायत, मिटतायत. मी बाबांना कोपर मारलं. 'अगं हे तर तुझं,' बाबा म्हणाले, यंत्रामुळे जरा मोठ्यानंच.

प्राणिसंग्रहालयातल्या मोठ्या नरांना हृदयविकार फार. मोठ्या गोरिलांच्या मृत्यूच्या कारणांत तो वरच्या क्रमांकावर आहे. पण तो आपल्यासारखा नाही, आणि इथे मी खुर्चीत पुढे सरकून बसले. आमच्याकडे येणाऱ्या माणसांत बहुतेकदा हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या असतात. गोरिलात मात्र हृदयाच्या स्नायूतच तंतूंची जाळी वाढत जाते, स्नायू ताठरतो, डावा कप्पा जाड होतो. याचं एकच एक कारण हाती लागलेलं नाही. त्यामुळे लवकर पकडायचं तर इको करत राहायचं.

आता, इको करायचा कसा? माणसाला आम्ही डाव्या कुशीवर वळवतो, डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगतो. त्यानं फासळ्यांमधली जागा उघडते आणि हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं. एवढं सांगूनही अर्धी माणसं पाठीवरच झोपतात. गोरिलाला भूल देऊन इको करता येतो, पण ज्याचं हृदय आजारी असल्याची शंका आहे त्यालाच भूल द्यायची म्हणजे जोखीम. म्हणून कीपर त्याला शिकवतात. जाळीपाशी यायचं, दोन्ही हात वर करून जाळी धरायची, छाती जाळीला लावायची. आधी नुसती काठी टेकवायची आणि फळाचा तुकडा द्यायचा. मग बंद प्रोब, म्हणजे इकोच्या यंत्राचं छातीवर टेकवायचं टोक. मग चालू प्रोब. सगळ्यात जास्त दिवस कशाला लागले असतील? जेलला. थंड, चिकट जेल छातीवर लागलं की तो मागे सरकायचा, बोटानं ते पुसून घ्यायचा, हुंगायचा, आणि कीपरकडे बघायचा. हा व्हिडिओ दोन मिनिटांचा होता. मी दोन तास बघितला असता. मला रोज तेच ऐकावं लागतं: 'अहो मॅडम, गार आहे हो!'

त्यात एक वाक्य त्यांनी सहज टाकलं: तो कुठल्याही क्षणी निघून जाऊ शकतो, आणि गेला तर त्या दिवसाचं काम संपलं, रागवायचं नाही, फळही थांबवायचं नाही. त्या रात्री घरी जाताना मी माझ्या खोलीतल्या घाईचा विचार करत होते. रांगेत तीस माणसं असतात, खरं आहे. तरीही.

पडद्यावरचा इको, धंद्याच्या नजरेनं सांगायचं तर, तसा बेताचाच होता. कडा पुसट, कोन तिरका. मी असा काढला असता तर आमच्या डॉक्टरांनी परत पाठवला असता. पण तो जागेपणी, जाळीच्या चौकोनातून, स्वखुशीनं दिलेला इको होता. प्रश्नोत्तरात मी विचारलं की गोरिलाचं 'नॉर्मल' कुणी ठरवलं? माणसाची मापं लावायची नाहीत तर लावायची कुठली? पशुवैद्यांचा चेहरा उजळला. अमेरिकेत 2010 पासून ग्रेट एप हार्ट प्रोजेक्ट आहे. ठिकठिकाणची प्राणिसंग्रहालयं आपापले इको तिकडे पाठवतात आणि त्या ढिगातून हळूहळू मापं तयार होतात. एकेका हृदयाची भर. उत्तर लांबलं, सूत्रसंचालकांनी घड्याळ दाखवलं, आम्ही दोघं बोलतच राहिलो. मागच्या रांगांची क्षमा मागते.

खाण्याचंही त्याच दिवशी निघालं. पूर्वी प्राणिसंग्रहालयात गोरिलांना खास बनवलेली पिठूळ बिस्किटं देत. क्लीव्हलंडच्या प्राणिसंग्रहालयात बेबॅक आणि मोकोलो या दोन नरांची बिस्किटं बंद करून त्यांना ढीगभर पालेभाज्या सुरू केल्या. पोटभर खाऊन दोघांचं वजन जवळपास 30 किलोंनी उतरलं, आणि खाल्लेलं ओकून पुन्हा खाण्याची सवयही गेली. दिवसाचा मोठा भाग चघळण्यात जातो, तो तसाच जायला हवा. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चहाबरोबरच्या बिस्किटांवरून आमचं त्याच दुपारी वाजलं होतं.

तिसरा शुक्रवार. इथे माझं परीक्षण जरा कडू होईल.

बाहेरून आलेले वक्ते. सूट, कानाला चिकटवलेला माइक (हा एकच माइक चारही दिवसांत धड चालला), ड्रोनमधून टिपलेलं जंगल आणि त्याखाली पियानो. पहिली वीस मिनिटं डायन फॉसी, पर्वतीय गोरिलांचा अभ्यास करणारी अमेरिकन संशोधक. 1967 मध्ये रवांडाच्या डोंगरात कारिसोके हे संशोधनकेंद्र, 1977 च्या शेवटच्या दिवशी शिकाऱ्यांनी मारलेला तिचा लाडका गोरिला डिजिट, डिसेंबर 1985 मध्ये तिचा स्वतःचा खून. गोष्ट खरीच हलवणारी आहे. पण वीस मिनिटांत त्या डोंगरात तिच्यासोबत माग काढणाऱ्या स्थानिक माणसांपैकी एकाचाही उल्लेख नाही. शेजारच्या काँगोतल्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानात आजवर दोनशेहून जास्त रक्षकांनी जीव गमावलाय, ते एका स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरात. बाबांना चष्म्यातूनही वाचता आलं नाही, मी वाचून दाखवलं.

चांगली बातमी त्यांनी नीट सांगितली, ते मान्य. विरुंगा डोंगररांगेतले पर्वतीय गोरिला 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अडीचशेच्या आसपास उरले होते. 2015-16 च्या गणतीत तिथे 604 निघाले, आणि युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलातले धरून एकूण आकडा हजाराच्या वर गेला. त्या जोरावर नोव्हेंबर 2018 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेनं त्यांना 'अतिसंकटग्रस्त'मधून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त'मध्ये आणलं. गस्त, जाळी-फास काढणं, आजारी गोरिलाला जंगलातच जाऊन उपचार करणारे डॉक्टर, आणि पर्यटनाच्या पैशातला वाटा आसपासच्या गावांना, या सगळ्यानं मिळून. बाबांनी टाळ्या वाजवल्या.

मग आली वाईट बातमी, आणि तिच्यात घोळ. पूर्व काँगोतले ग्राउअरचे गोरिला, चार उपजातींतली एक. 1990 च्या दशकात अंदाज 17,000 चा, आता 3,800, असा आकडा लाल अक्षरात पडदाभर. कारण म्हणून यादवी, आणि कोल्टनच्या खाणी. कोल्टन या खनिजातून टँटलम नावाचा धातू निघतो, तो आपल्या फोनमधल्या कपॅसिटरमध्ये जातो, आणि खाणीतली माणसं पोटासाठी जंगलात शिकार करतात. इथवर ठीक. मी घरी येऊन वाचलं. 3,800 हा अंदाज 2016 चा. पूर्वी पोचता न आलेल्या भागातली पाहणी धरून 2021 मध्ये तो 6,800 वर आला. घसरण तरीही भयंकरच आहे, ते अतिसंकटग्रस्तच आहेत. मग जुना आकडा कशाला? मला वाटतं, तो जास्त टोचतो म्हणून. माझ्या कामात एखाद्याला घाबरवायला जुना रिपोर्ट दाखवला तर मला नोकरीवरून काढतील.

आणि शेवटी दाराशी ठेवलेली पारदर्शक पेटी: 'तुमचा जुना फोन द्या, गोरिला वाचवा.' जुन्या फोनमधले धातू परत वापरात यावेत हे बरोबरच आहे. पण एक फोन आणि एक गोरिला यांच्या मधे जे आहे, सशस्त्र टोळ्या, खाणमालक, तस्करी, ज्याला दुसरा रोजगार नाही असा खाणकामगार, त्यातलं काहीच न सांगता पेटीकडे बोट दाखवायचं, यानं लोकांना फक्त घरी जाताना हलकं वाटतं. बाबांना फारच हलकं वाटलं. त्यांनी खिशातला जुना बटणांचा फोन काढून पेटीत टाकला. मी पार्किंगकडे गेले होते, मला दुसऱ्या दिवशी कळलं.

चौथ्या शुक्रवारी गर्दी निम्मी. विषय रोगांचा, म्हणून असेल. ज्यांनी चुकवला त्यांचं नुकसान झालं. पशुवैद्य परत आले, सोबत कीपर बाई, दोघं टेबलावर बसून गप्पा मारल्यासारखे बोलले. 1996 मध्ये ब्विंडीतल्या गोरिलांना खरूज झाली, माणसांकडून आलेली. एक पिल्लू दगावलं, बाकीचे औषधानं वाचले. तेव्हा तिथे असलेल्या युगांडाच्या पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांच्या लक्षात आलं की गावात खरूज असेल तोवर जंगलातली जाणार नाही. 2003 मध्ये त्यांनी संस्था काढली, ती गोरिलांच्या तब्येतीबरोबर गावकऱ्यांची तब्येतही बघते. तिसऱ्या शुक्रवारच्या सगळ्या ड्रोनांपेक्षा मला ही एक खरूज जास्त समजली. मग इबोला, ज्यानं काँगोमधल्या एकेका जंगलातले गोरिला हजारोंनी नेले. मग जानेवारी 2021, सॅन दिएगोच्या सफारी पार्कमधले गोरिला कोविडनं खोकायला लागले ती गोष्ट. जंगलात गोरिला बघायला जाणाऱ्यांची तुकडी आठ जणांची, वेळ एक तास, आणि सर्दी असेल तर परत फिरायचं, हे नियम का, ते आपोआप कळलं. कीपर बाई म्हणाल्या, 'मला शिंक आली की मी आत जात नाही.'

प्रश्नोत्तरात बाबा उभे राहिले. यंत्र लावलेल्या माणसाचा आवाज स्वतःला कळत नाही. सभागृह दणाणलं: 'मग हे इथले परत जंगलात जाणार कधी?'

कीपर बाई म्हणाल्या, 'नाही जाणार.'

नंतर त्यांनी समजावलं. ब्रिटनमधल्या एका संस्थेनं बंदिवासात जन्मलेले काही गोरिला गॅबॉनला नेऊन सोडले, पण ते सोपं गेलेलं नाही. जंगलच सुरक्षित नसेल तर सोडायचं कुठे? इथले गोरिला कोण कुणाशी जुळवायचे ते सगळ्या प्राणिसंग्रहालयांची एकत्र वंशावळ बघून ठरतं. त्यातही नर साधारण निम्मे जन्मतात आणि एका कळपात प्रौढ नर एकच लागतो, त्यामुळे उरलेल्या नरांचे वेगळे 'बॅचलर' कळप करावे लागतात आणि ते मोठेपणी एकमेकांशी किती पटवून घेतील याची खात्री नसते. 'हे सगळं बरोबर आहे असं मी म्हणत नाही,' त्या म्हणाल्या, 'पण सकाळी सात वाजता ते माझी वाट बघत असतात.' बाबा खाली बसले आणि माझ्या कानात (म्हणजे तीन रांगांना ऐकू जाईल असं) म्हणाले, 'ही बाई खरं बोलते.'

सोयींबद्दल थोडक्यात: खुर्च्या प्लास्टिकच्या, दीड तासानंतर कंबर बोलते. पहिल्या दोन दिवशी माइक खरखरत होता. ऐकू कमी येत असेल तर डावीकडे पुढे बसा, स्पीकर तिकडे आहे. परतीच्या वाटेवर दिवे कमी, बॅटरी न्या. दहा वर्षांखालच्या मुलांना पहिल्याच व्याख्यानाला न्या आणि गोरिला झोपलेले असतील हे घरूनच सांगून न्या. चार व्याख्यानांचं एकत्र तिकीट घेऊ नका. पहिलं, दुसरं आणि चौथं घ्या. मी पाचपैकी चार तारे देते, आणि कापलेला तारा पूर्ण तिसऱ्या शुक्रवारचा आहे.

राहता राहिला बाबांचा फोन. त्यात त्यांच्या सगळ्या जुन्या मित्रांचे नंबर होते, हे त्यांना शनिवारी सकाळी आठवलं. मला सुट्टी मिळाली ती चौथ्या व्याख्यानानंतरच्या रविवारी. गेलो. पेटी सील करून पाठवून झाली होती. खिडकीतल्या माणसानं सहानुभूती दाखवली आणि तिकीटही फाडायला लावलं.

आलोच होतो, म्हणून गोरिला बघायला गेलो. दिवसाउजेडी, पहिल्यांदाच. काचेला मुलांचे हात आणि नाकं चिकटलेली. मोठा नर आमच्याकडे पाठ करून बसला होता. ती पाठ खरोखरच चंदेरी असते, फोटोत वाटते त्याहून जास्त. तो पानं देठापासून सोलत होता, एक एक, सावकाश, आणि श्वासाबरोबर ती पाठ वरखाली होत होती. माझ्या नकळत मी मोजायला लागले.

'हाच का, जेल पुसणारा?' बाबांनी विचारलं.

तो वळला नाही. आम्ही अर्धा तास थांबलो. बाबांनी खिशातून पहिल्या शुक्रवारचा नाकांचा कागद काढून हातात धरला होता. कधी वळलाच तर जोडी लावायला.